पंधरा इंची, हलकी

आबा, आज काळेवाडीतल्या टायरच्या दुकानात घरचा वजनकाटा घेऊन गेलो होतो. सोबत तुमची नात. काट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग चाक कवेत धरून, आणि फरक काढला. दुकानदार बघत राहिला. "भाऊ, सतरा इंची टाका, गाडी कशी भरलेली दिसेल. वजनाचं काय घेऊन बसलात?" म्हटलं, पळवायचीय, दाखवायची नाही. "मग राव, चाकं काढूनच ठेवा, लई हलकी होईल." सगळं दुकान हसलं, तुमची नातसुद्धा. मी पुढचं चाक उचललं.

गाडी तिची आहे. चाकणला कंपनीत नोकरी करते, आणि या रविवारी मातीच्या ट्रॅकवर घड्याळ लावून गाडी पळवणार आहे, पहिल्यांदाच. चाकं निवडायचं काम माझ्याकडे. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण यात मला कुणी शिकवायला येऊ नये. चाकाचं वजन गाडीला नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचंही असतं, आणि ब्रेक मारला की तेच वजन थांबवायचं असतं. सतराची रिम घेतली की बाहेरचा घेर तोच राखायला टायरची कड बारीक घ्यावी लागते, आणि मातीतल्या खड्ड्यात तसली कड रिमला वाचवत नाही. म्हणून रिम पंधराची, टायर एकशे पंच्याऐंशी पासष्ट, गाडीसोबत आलेल्या मापाचाच. उगाच रुंद नाही.

यातलं निम्मं बैलगाडा शर्यतीच्या घाटात तुमच्याकडून शिकलेलं आहे. अजून दिसतं, शर्यतीचा गाडा सुताराकडून तासून आणलाय, तुम्ही जू तपासताय, आणि मी हौसेनं चाकाला पितळी पट्टी ठोकतोय. तुम्ही पकड घेऊन येता आणि पट्टी उपटता. "शोभा बैलांना वढावी लागती, तुला न्हाई."

पण तुमच्या गाड्यावर कुणी बसत नव्हतं, आबा. पुढं घोडी, मागं बैल, गाडा मोकळा. माझ्या गाडीत पोरगी बसणार. सगळ्यात हलकं चाक हातात आलं तेव्हा त्याचे आरे मला बोटाएवढे दिसले. ती म्हणाली, "हेच घेऊ, बाबा." मी चाक उलटं केलं, चाक किती भार पेलेल तो मागं कोरलेला आकडा वाचला आणि म्हणालो, "आपल्या गाडीला कमी पडतो." तिनं स्वतः वाचलाही नाही, मी सांगितलं म्हणजे झालं. जड चाकं घेऊन घरी आलो. खरं तर हलक्या चाकावरचा तो आकडा पुरून उरत होता.

उद्या ती कामावरून आली की खरं सांगणार, चाकं बदलून आणणार, हलकीच चढवणार. नट तीच आवळेल. घरी येऊन हिशेब दोनदा केला, कुठं खोट नाही. भीती मात्र तेवढीच आहे. तिला आकडा सांगेन, हे नाही सांगणार, म्हणून तुम्हाला लिहिलं.