टेबलाखालचा जुना संगणक

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, ब्रेल छापण्याच्या मोफत सॉफ्टवेअरची बावीस वर्षांची राखणदार, सोमवारच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. जीव थाऱ्यावर नाही, त्याला दाखला लागत नाही.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक लेकीला.

२. शिवणयंत्र नणंदेला. "वहिनी, तू कधी शिवणार गं?" असे ती नऊ वर्षांपूर्वी म्हणाली होती. मी रुसले होते. तिचे खरे निघाले.

३. टेबलाखालचा जुना संगणक. खरी धास्ती याचीच.

आमचे सॉफ्टवेअर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायचे, हे मी आणि माझा सहकारी ठरवतो. जुने ते छाटायची हौस म्हणून त्याला सगळे कात्री म्हणतात. सदर संगणकावरची सिस्टिम सोडून द्यावी, असा त्याचा धोशा आहे. "ताई, एका माणसासाठी किती वर्षं गाडं ओढायचं?" दर नव्या आवृत्तीला याच संगणकावर तिच्या तपासणीत दोन दिवस जातात, हे खरेच आहे.

तो एक माणूस म्हणजे अंधशाळेतल्या छपाईच्या बाई. त्यांचे छपाईयंत्र दुसऱ्या कुठल्याच सिस्टिमवर चालत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरमधून मीच ती सिस्टिम बंद केली होती. सहकाऱ्याचे मत घेतले, संकेतस्थळावर सूचना लावली, हात झटकले. आठ महिन्यांनी बाईंचा फोन आला. तोवर अख्खा वर्ग भूगोलाचे एकच पुस्तक आळीपाळीने वाचत होता. "आम्हाला वाटलं, आमच्याच हातून काहीतरी बिघडलं," त्या म्हणाल्या. मी सिस्टिम परत चालू केली. ते वाक्य मात्र अजून जात नाही.

म्हणून सदर संगणक कात्रीला. सिस्टिम ठेवायची की सोडायची, हा अधिकारही त्याचाच. अट एकच: सोडण्याआधी त्याने स्वतः बाईंना फोन करून सांगावे. चिठ्ठी नको, सूचना नको.

काल त्याला हे वाचून दाखवले.

"ताई, बोललो तर मला सोडता येईल का?"

"मला कुठे आलं?"

"लबाड आहात."

मग त्याने नंबर लिहून घेतला. फोन सकाळी अकराच्या आत करावा. बराच वेळ वाजू द्यावा. छपाई सुरू असली की बाईंना घंटा ऐकू येत नाही. उचलला नाही, तर यंत्र चालू आहे असे समजावे आणि त्या दिवशी काही ठरवू नये.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. दाखला देणाऱ्या डॉक्टर
२. शेजारचे घड्याळजी काका

स्थळ: घरची मागची खोली
तारीख: १४ मार्च, गुरुवार