वाघाचं पांघरूण

१८ मार्च

भोंगा आज परत वाजला. गावातून कळलं, वाघ नव्हता. या आठवड्यात तिसऱ्यांदा!

यंत्र माझंच. धानोऱ्याच्या पुढच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, मोहाच्या मोठ्या झाडाला कॅमेरा बांधलाय. वाघ ओळखला की खांबावरचा भोंगा वाजतो आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया पळतात. मला इथे विद्यापीठात तेवढी एक ओळ येते – ‘वाघ. भोंगा वाजवला.’ फोटो यायला कधी अर्धा दिवस, कधी आठ-दहा दिवस. तिकडचं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं.

मागच्या हंगामात याच झाडाखालून, या बायांपैकी सोमारीबाईच्या जावेला वाघाने नेलं. म्हणून यंत्र तिथे. आता खोट्या भोंग्याला बाया कंटाळल्या, तर खऱ्याला कोण पळणार?

पाणी कुठेतरी मुरतंय. कुलदीप सर शेजारच्या टेबलावरून विचारत होते, “प्रणित, तुझा वाघ काय म्हणतो?” यांना कशाला चौकशी? हा प्रकल्प आधी त्यांनाच हवा होता. सर्व्हरचा पासवर्ड बदलून टाकला.

१९ मार्च

पासवर्ड बदलूनही वाजला. म्हणजे कुलदीप सर नाहीत. किंवा माझ्यापेक्षा हुशार आहेत – ते शक्य वाटत नाही.

२१ मार्च

भोंग्याची देखरेख गावातला सुनिल करतो. त्याचा फोन आला. बाया वैतागल्यात, भोंगा काढून न्या म्हणतात. मी सहज विचारलं, वाजल्यावर सगळ्याच पळतात का? तो म्हणाला,

“सोमारीबाई नाई पळत, सर. थे वेचतच राह्यते.”

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बाकीच्या पळाल्या की झाड एकटीचं! रात्रभर गळलेली ताजी फुलं, सगळी हिच्या टोपलीत. कॅमेऱ्यापुढे वाघाचं चित्र धरत असणार. कॅलेंडर, पोस्टर, काहीही चालेल. सख्खी जाऊ तिथे गेली आणि ही त्याच वाघाच्या नावावर धंदा करतेय. माणसाचं काही खरं नाही.

आई म्हणते, लहानपणी मूल गावी असताना मी दूधवाल्याच्या कॅनमध्येसुद्धा बोट घालून बघायचो. मग? संशोधकाने संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा?

२३ मार्च

फोटो उतरले. वाघ आहे! चांगला फोटोभर तोंडाचा, केशरी. पण तो उभा आहे, दोन पायांवर. खाली लुगड्याचा काठ.

सापडली.

२४ मार्च

टोल्यावर जाऊन आलो. सोमारीबाई अंगणात फुलं वाळत घालत होती. मी नमस्कारही न करता मोबाइलवरचा फोटो पुढे धरला आणि हे काय म्हणून विचारलं. तिने बघितलं, हात पुसले, घरात गेली आणि एक पांघरूण घेऊन आली. बाजारात मिळतं तसलं जाड, लवदार. त्यावर अख्खं वाघाचं तोंड! जावयाने आणलेलं. पहाटे गारवा असतो म्हणून अंगावर घेते. झाडाकडे पाठ केली की पाठीवरचा वाघ सरळ कॅमेऱ्याकडे बघतो.

सुनिल खो खो हसत होता. मला लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर, थोडा रागही आला. एवढा चांगला पुरावा फुकट गेला.

तरी विचारलंच, मग तुम्ही पळत का नाही?

“वाजला का मी मांगं पाह्यतो. वाघ दिसत नाई. तं कायले पळू?” मग फुलं पसरता पसरता म्हणाली, “भोंगा नेऊ नोको, भाऊ. मायी जाऊ गेली तवा कोनी वाजवला नाई.”

मी मोबाइल खिशात ठेवला.

पांघरूण मागून आणलंय, यंत्राला त्याची ओळख करून द्यायला. बदल्यात धानोऱ्याच्या बाजारातून साधी करडी शाल घेऊन दिली. सुनिल म्हणतो, तसलं पांघरूण गावात ते एकच होतं.

२७ मार्च

दिवसभर पांघरुणाचे फोटो. खुर्चीवर, झुडपावर, सावलीत, उन्हात, दिव्यानीच्या पाठीवर. ती माझी संशोधक विद्यार्थिनी. यंत्राला आता शिकवतोय – वाघ वेगळा, पांघरूण वेगळं. पांघरुणाला भोंगा नाही.

दिव्यानी मधेच म्हणाली, “सर, मोहाखालच्या खऱ्या वाघाचे फोटो आपल्याकडे नाईच्या बरोबर आहेत. अन् पांघरूण तर आपणच आणलं, मग शिकवायचं कशाला?”

शिकवायचं कशाला! शोधनिबंधात दाखवायला दुसरं आहे काय? पुरेसे फोटो आहेत म्हणून सांगितलं. ती परत फोटो काढायला लागली. दुपारी बघतो तर कुलदीप सरांच्या टेबलाशी चहा घेतेय. अच्छा. म्हणजे ही शंका कोणाच्या डोक्यातून निघाली ते कळलं. माझं काम लोकांना बघवत नाही.

१ एप्रिल

नवा प्रोग्राम टोल्यावरच्या यंत्रात घातला. दिव्यानीला बरोबर नेलं नाही.

६ एप्रिल

भोंगा शांत. एकदाही खोटा वाजला नाही! शोधनिबंधाची पहिली चार पानं झाली. कुलदीप सरांनी अभिनंदन केलं, हसून. त्या हसण्यात काहीतरी होतं.

सुनिलचा फोन येऊन गेला. बाया निवांत वेचतात. सोमारीबाई म्हणते, आता मी मागं पाहत नाही, भोंगा ऐकतो. मी त्याला म्हटलं, बघ, शेवटी विश्वास बसला ना! आज फार बरं वाटलं.

९ एप्रिल

पहाटे ओळ आली आहे – ‘पांघरूण. भोंगा वाजवला नाही.’

फोटो अजून उतरतोय. सुनिलचा फोन लागत नाही.

पांघरूण इथे आहे. माझ्या खुर्चीवर.