पिठातली अक्षरं

आगरदांडा,
३० जानेवारी २०२५

सौ. केसर हिस,

अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिलं. सध्या मी कुणाला आशीर्वाद द्यावेत अशी परिस्थिती नाही, पण खोडत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मृणालकडून "बाबांना सांग, गोळी घ्या" एवढाच निरोप येतो. गोळी घेतो. मांजर बरं आहे, तुझ्या खाटेवर झोपतं. नीराबाई अधूनमधून कालवण आणून देते, पण दारातूनच. शेजारीण असून पूर्वी तासभर बसायची, आता उंबरा ओलांडत नाही. सकाळी जेट्टीवर जातो, दिघीहून येणाऱ्या बोटीतून कोण कोण उतरतं ते बघतो आणि घरी येतो. पाय मोकळे करायला जातो, दुसरं काही नाही.

त्या रविवारच्या जेवणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन कागद फाडले. ते सोडून लिहायला काही उरतच नाही.

खेळ आपल्या लेकीनेच, मृणालनेच आणला. रोज एक इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा, सहा ओळींत ओळखायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर चौकोन हिरवा, जागा चुकली असेल तर पिवळा. मग आपापले चौकोन घरच्या ग्रुपवर टाकायचे. मला वाटलं, चला, हे आपलं राज्य! तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस मी. तुझी सातवी. मीच तुझ्या मागे लागलो होतो ना, "खेळ गं, हरलीस तर हरलीस." मलाच अवदसा आठवली.

पहिल्या आठवड्यात तू हरायचीस तेव्हा मी किती प्रेमाने समजावायचो! मग तू चार ओळींत सोडवायला लागलीस. मग तीन. आणि दिवाळीच्या तोंडावर 'फेरी' हा शब्द आला त्या दिवशी तू दुसऱ्याच ओळीत! रोज समोरून जाणाऱ्या बोटीवर रंगवलेला शब्द, आणि मी सहा ओळी घालवून बसलो. ग्रुपवर जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या, व्याह्यांनी लिहिलं, "विहीणबाई, तुमची शिकवणी लावतो." माझ्या चौकोनांवर कुणी काही बोललं नाही. एकाने तरी बोलायचं!

जळलो मी, केसर. सरळच सांगतो. नीराबाईच्या हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, "मास्तरापेक्षा मास्तरीण हुशार," तेव्हा मी बाहेर ओटीवर होतो. सगळं ऐकलं. तिळगूळ हातातच राहिला. मृणाल काल म्हणाली, आई इथेही खेळते, आज तीन ओळींत सोडवला. अजूनही पोटात दुखलंच. लाज वाटते, पण दुखायचं ते दुखतंच.

मग तो रविवार. मृणाल-ओंकारबरोबर व्याही गणराजराव आणि विहीणबाई जेवायला आले होते. तू सुरमई वाढत होतीस. गणराजराव म्हणाले, "विहीणबाई, तुमचं गुपित काय हो?" तू नुसती हसलीस. त्या हसण्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "गुपित कसलं! नेटवर यादी मिळते. हाती लागलेली अक्षरं टाकायची, त्यांचे पाच अक्षरी सगळे शब्द समोर येतात. नाहीतर सातवी शिकलेल्या बाईला जमतंय होय?"

तू भांडं खाली ठेवलंस. "मास्तर, कुठे असते ती यादी? मला दाखवा तरी."

ओंकारपण म्हणाला, "हो बाबा, दाखवा ना."

आणि मी म्हणालो, फोनची बॅटरी संपली.

तू हात धुतलेस, पिशवी भरलीस आणि लेकीच्या गाडीत बसून माणगावला गेलीस. माझ्याशी भांडलीसही नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

फोन खिशात होता. बॅटरी भरलेली होती. आणि ती यादी त्यातच होती, केसर. दिवाळीपासून मीच ती बघत होतो. आधी दोन ओळी स्वतःच्या डोक्याने भरायच्या, मग गुपचूप यादी उघडायची. मुद्दाम एखादी ओळ चुकवायचो, खरं वाटावं म्हणून. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या. मी मात्र सापडलो नाही, कारण मला पकडायला कुणी बसलंच नव्हतं.

एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. पण काल नीराबाईचं भांडं परत द्यायला गेलो, तर ती दारातच म्हणाली, "मास्तर, ती बिचारी पिठात लिवायची. मना रोज दाखवायची. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

मी म्हणालो, "नाही."

तेही खोटं. मला ठाऊक होतं.

डिसेंबरात एकदा चहाचा कप ठेवायला आत आलो होतो. तुझी पाठ माझ्याकडे होती. भाकरीच्या आधणाला उकळी यायची होती. परातीत तांदळाचं पीठ चाळून पसरलेलं, त्यात बोटाने पाच चौकोन काढलेले, बाद झालेली अक्षरं कडेला ओळीने. तू पुटपुटत एक अक्षर पुसत होतीस, दुसरं घालत होतीस. मग एकदम मान हलवलीस. पदराला हात पुसून फोनवर शब्द घातलास, परात हलवून पीठ सारखं केलंस आणि आधणाचं पाणी ओतलंस. अक्षरं गेली, भाकऱ्या झाल्या. मी त्या भाकऱ्या खाल्ल्या आणि काही बोललो नाही.

म्हणजे चार माणसांत तुला चोर म्हणालो तेव्हा तू चोर नाहीस हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हेच लिहायचं नव्हतं.

ओटीवर माझी शिकवणी चालायची आणि आत तू भाकऱ्या थापायचीस. तेहतीस वर्षं तू ऐकत होतीस आणि मला कधी कळलं नाही. येईल त्या पोराला शाब्बास म्हणत आलो. तुला म्हणायची वेळ आली आणि माझी जीभ रेटेना.

आता ऐक. हे पत्रात लिहून भागणार नाही, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. म्हणून मघाशी ग्रुपवर लिहिलं: "केसर स्वतःच्या डोक्याने खेळते. यादी मी बघत होतो. त्या दिवशी बॅटरी संपली नव्हती." पाठवायला अर्धा तास लागला. गणराजरावांनी वाचलंय.

तू ये असं म्हणायला तोंड नाही. आलीस तर फोन तुझ्यासमोर उघडून ठेवीन, आणि आधण ठेवलं की मला परातीशेजारी बसू दे. शिकवलंस तर शिकेन. तरी जळेन थोडा. तेवढं चालवून घे.

शाब्बास, केसर.

तुझा,
धर्मा
(आज यादी न बघता खेळलो. सहाच्या सहा ओळी चुकल्या. ग्रुपवर टाकल्या आहेत.)