मासळी न सोडण्याबाबत

मी, कमळाकर गणा मढवी, वय एकोणसाठ, केमिकल कारखान्यातला निवृत्त स्टोअरकीपर, राहणार घणसोली गाव, नवी मुंबई, आज राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ कुंदन याचं याबाबत गेली तेवीस वर्षं वेगळं मत आहे. मजकूर माझा, कायद्याची भाषा सुधीर वकिलांची. वाचताना जिथे डुलकी लागेल तो भाग त्यांचा समजावा.

१. घर. शेतं सिडकोला गेली, उरलं ते गावठाणातलं घर. वाटणीत कुंदनला रस्त्याकडची बाजू मिळाली, मला मागची विहीर आणि डास. माझ्या हिश्श्याचं घर, वरच्या दोन भाड्याच्या खोल्यांसह, मी माझी पत्नी शेफाली हिला कायमच्या मालकीने देत आहे. तिने ते विकावं, ठेवावं किंवा हिरवा रंग द्यावा. कोणाला विचारायची गरज नाही. आम्हाला मूल नसल्यामुळे या घराची काळजी आमच्यापेक्षा भाऊबंदांनाच जास्त आहे, हे मी जाणतो. "बंगालीण काय, उद्या जाईल आपल्या मुलखाला" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ती कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांना तिने स्वतःच्या हाताने सुई टोचलेली आहे. ती कुठेही जाणार नाही.

२. बँकेत जे असेल ते तिचं. जे नसेल त्याबद्दल कुंदनने खुशाल चौकशी करावी.

३. लोखंडी कढई, नारळाची खवणी आणि स्टोअरच्या मागणी-पावतीच्या पाठीवर लिहिलेली पाककृती या तीन वस्तू मी माझी पुतणी सोनल हिला देतो. घरात माझ्या हातची बंगाली कोळंबी मागून खाणारी ती एकटीच. पावतीवर हळदीचे डाग आहेत, ते पुसू नयेत. त्या पावतीचा इतिहास नोंदवणं मला आवश्यक वाटतं.

चौऱ्याहत्तर साली आमचं लग्न झालं. माझ्या आईने, गिरजाबाईने, पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, "त्या पोरीनं माझे चुलीला हात लावाचा नाय." कारण विचारलं तर म्हणाली, "ती राईच्या तेलान मासं तलते." आईपुढे बोलण्याची माझी छाती नव्हती. गावात मला शूर समजतात, ते कबड्डीमुळे. मी एवढंच केलं, पडवीत स्टोव्ह मांडला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बायकोसाठी स्वतः रांधायला लागलो.

रांधायचं तर तिच्या माहेरचं. कारखान्यात मुखर्जी नावाचे कलकत्त्याचे इंजिनिअर होते. बंगाली म्हणजे बंगाली, असा माझा सरळ हिशेब. त्यांनी कँटीनमध्ये बसून मला चिंगडी मलाई करी सांगितली आणि मी ती हाताशी असलेल्या मागणी-पावतीच्या पाठीवर उतरवली : मोठी कोळंबी, डोक्यासकट, मोहरीचं तेल, नारळाचं दाट दूध, वेलची, दालचिनी, आणि वर चमचाभर साखर. दिवाळे गावच्या कोळणीने डोकी ठेव म्हटल्यावर मला वेड्यात काढलं. साखर पाहून आई तुळशीपाशी जाऊन बसली. शेफालीने मात्र पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पानातलं सगळं संपवलं. मी विजयी मुद्रेने गावभर फिरलो.

असा मी अठरा वर्षं फिरलो. ब्याण्णव साली तिचा भाऊ पहिल्यांदा घरी आला. मी त्याच्यापुढे कढई ठेवली. त्याने चव घेतली आणि हसता हसता त्याला ठसका लागला. शेफालीच्या माहेरचं नाग कुटुंब मूळचं ढाक्याकडचं, फाळणीत कलकत्त्याला आलेलं. नारळाच्या दुधातली गोड चिंगडी हे तिथल्या मूळच्या लोकांचं जेवण, म्हणजे मुखर्जींचं. यांचा जीव हिलसा माशावर, आणि तोही मोहरी-मिरचीतला, झणझणीत. दोन्हीकडच्यांचे फुटबॉलचे संघ वेगळे. एक संघ जिंकला की त्यांच्या घरी चिंगडी शिजते, दुसरा जिंकला की यांच्या घरी हिलसा. म्हणजे अठरा वर्षं, दर महिन्याला, मी माझ्या बायकोला तिच्या वडिलांचा पराभव वाढत होतो. वर साखर घालून.

पाहुणा गेल्यावर मी तिला जाब विचारला. शेफाली मराठी शिकली ती आमच्या विहिरीवर, त्यामुळे माझ्यापेक्षा पक्की आगरी बोलते. ती म्हणाली, "तुमचे आईनं दोन वरसा मना चुलीजवल येव दिला नाय. या घरान माझेसाठी रांधनारा येकच मानूस व्हता. त्याला सांगू, तुजी चव चुकली?"

मला रडू आलं. वकील म्हणतात हे मृत्युपत्रात नको. राहू द्या. पुढे मी दोनदा हिलसा आणून केला. दोन्ही वेळा काटे माझ्या घशात आणि दोष तिच्या प्रांताला. शेवटी तीच म्हणाली, चिंगडीच करा, आता सवय झाली.

४. आई वारली, तिच्याबद्दल तक्रार नाही. शेवटच्या आजारपणात सहा महिने शेफालीच्या हातचं राईच्या तेलातलंच जेवली आणि मिटक्या मारत जेवली. याला मी साक्षी आहे.

५. माझी स्कूटर मी कुंदनला देत आहे. "वर्सभर पन टिकाची नाय" हे त्याचं लग्नाच्या मांडवातलं भाकीत मी विसरलेलो नाही. स्कूटर मुद्दाम देत आहे, कारण पुढील कलमासाठी त्याला तिची गरज पडेल.

६. हे कलम वकिलांनी दोनदा खोडलं, मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. बाकी सर्व कलमं याच्यासाठी लिहिली, असं समजलं तरी चालेल.

आमच्यात सुतक फिटलं की विधवेसकट सगळे मटणावर बसतात. शेफालीच्या माहेरी तसं नाही. तिचे वडील गेले त्या दिवशी तिच्या आईचे मासे सुटले, कांदा, लसूण, मसुराची डाळसुद्धा सुटली. आईचं वय तेव्हा एकेचाळीस. पुढची तीस वर्षं ती बाई मुलांच्या पानात मासे वाढत राहिली आणि स्वतः उकडलेला भात खात राहिली. या फेब्रुवारीत माझ्या हृदयाने पहिली नोटीस दिली. मी इस्पितळातून घरी आलो तेव्हा शेफाली कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे मागं मी मासं खायाची नाय. आईनं नाय खाल्ले."

म्हणून मी लिहून ठेवतो की, माझ्या मृत्यूमुळे शेफालीने मासळी सोडू नये. घर तिला विनाअट दिलं आहे, ही अट नव्हे. वकील म्हणतात, बायकोने काय खावं हे कोणतंही कोर्ट बजावून घेत नाही. मान्य. म्हणून ही कामगिरी मी कोर्टाऐवजी कुंदनवर सोपवतो. त्याने दर बुधवारी दिवाळे गावी जाऊन ताजी मासळी आणावी, ती शेफालीच्या हातात द्यावी आणि ती जेवेपर्यंत पडवीत बसून राहावं. शेफाली, मला तुझ्या उपवासाचा मान नको. मी नसताना तू पोटभर जेवलीस, तर मला बरं वाटेल.

७. खालचा मजकूर सहीच्या वेळी माझ्या हाताने वाढवला आहे. कुंदन आणि शेफाली दोघेही हजर होते. सुधीर वकिलांनी कलमं मोठ्याने वाचली. सहावं झाल्यावर कुंदनने खाली पाहिलं.  शेफालीने डोळे पुसून थेट कुंदनला विचारलं, "बुधवारी किती वाजता येशील?"

कुंदन म्हणाला, "नव वाजता येतो. काय आनू?"

ती म्हणाली, "मिलंल ते."

हे ऐकून मी सही करत आहे.

स्थळ : घणसोली. दिनांक : १६ ऑक्टोबर १९९७.

सही : क. ग. मढवी

आमच्या डोळ्यांदेखत कमळाकर मढवी यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही :

१. डॉ. वैजयंती म्हात्रे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला यांचाच.

२. बाबासो शेडगे, वरच्या खोलीतील भाडेकरू, मूळ राहणार सातारा. यांना या पत्राने काहीही मिळत नाही. तशी त्यांनी सहीपूर्वी दोनदा खात्री करून घेतली.