निरंकाच्या जागी एक

चि. गणराज,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पोलीस ठाण्याच्या अहवालात आपल्या तालुक्यातली मानवी तस्करी यंदाही ‘निरंक’! वाचून माझं रक्त उसळलं. मग आपली पोर प्रणाली? नोकरीच्या नावाखाली तिला विकलं, ती निसटून रेवसच्या धक्क्यावर उतरली, आणि तू लिहिलंस, ‘बेपत्ता तरुणी सापडली’!

एवढं लिहिते तोच प्रणाली हसत दारात. “मावशी, गणादादा सकाळीच घरी आलेला. म्हनला, चुकलो. मी म्हनलं, मी हरवले न्हवते, मला विकलेली. तसं लिव. त्यानं अहवालच माझ्यापुढं सरकवला. निरंक खोडून मीच ‘एक’ लिवलं!”

आता हे पत्र कशाला पाठवू? पाच पानांचं भाषण तयार होतं, बाळा, वाया गेलं. असं रोज वाया जावो.

तुझी,
सुजातामावशी