खोटा मामेभाऊ

खरवई, बदलापूर
७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सुयोगचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीपासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितोय. माझा सिनेमा लागला. एक भामटा मामेभाऊ असल्याची थाप मारून लोकांकडे फुकट राहतो आणि एका मास्तरला फसवता फसवता त्याच्याच प्रेमात पडतो. दोन पुरुषांची गोष्ट आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. आहे मात्र विनोदी.

परीक्षणं वाईट आलीत. एकाने लिहिलं, ठगी अस्सल, प्रेम नकली. एका बाईंनी लिहिलं, की पळून गेलेला भामटा शेवटी मास्तरकडे परत येतो तिथे हसू आलं, आणि तेवढ्याच ठिकाणी आलं.

तुम्ही फॅक्टरीत तीस वर्षं माल तपासलात. एकदा बघाल का? तुमचं मत मला त्या सगळ्यांपेक्षा मोठं आहे.

लोभ अजून उरला असेल, या आशेवर,
सुयोग

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
१२ फेब्रुवारी

चि. सुयोग यास आशीर्वाद.

सिनेमा उल्हासनगरला पाहिला. नऊ जण होतो, मध्यंतरानंतर पाच. पुढच्या रांगेतले कापडवाले सिंधी शेठ म्हणाले, ठग एक नंबर आहे, बनवणाऱ्याला धंदा माहीत दिसतो. तू माझा मुलगा आहेस, हे मी सांगितलं नाही.

दोन पुरुषांचं मला दिवाळीतच कळलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, मग गेलं. पेपरातल्या तुझ्या मुलाखतीत घरी कोण असतं असं विचारलं होतं. तू सांगितलंस, प्रीतम, मामेभाऊ. तुझ्या आईला भाऊच नव्हता. ते वाचून मी खरवईला आलो तेव्हा तू शूटिंगला होतास आणि प्रीतम सामान बांधत होता. सहा वर्षं तो तुझ्या सोसायटीत मामेभाऊ म्हणून राहिला. तुझ्या टायफॉइडमध्ये उशाशी तोच बसला. मास्तरचे सगळे विनोद त्याचे आहेत, मी ऐकलेत.

टीकाकार चुकले नाहीत. तुझा भामटा परत येतो. तू प्रीतमच्या मागे बदलापूर स्टेशनपर्यंतही गेला नाहीस. माल नापास.

बाबा

खरवई
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

लिहिलंत ते खरं आहे. मामेभाऊ म्हणालो, कारण तुम्हाला कळेल याचीच भीती होती. प्रीतमचा पत्ता असेल तर द्या. मी त्याची माफी मागेन, पेपरात नाव घेऊन मागेन. पुढच्या रविवारी अंबरनाथला येतो.

रागावलात तरी माया ठेवा.
सुयोग

शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
१९ फेब्रुवारी

चि. सुयोग यास आशीर्वाद.

तुझं पत्र प्रीतमला वाचून दाखवलं. नोव्हेंबरपासून तो इथेच, तुझ्या खोलीत राहतो. सिनेमाला माझ्या शेजारी तोच होता. तुझं माफीचं वाक्य ऐकून त्याने विचारलं, हे सिनेमातलं तर नाही ना. रागाने नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं.

समोरच्या मोतीबाईंनी हा कोण म्हणून विचारलं होतं. मी सांगितलं, सुयोगचा जोडीदार होता. त्या बरं म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या. तुझी सहा वर्षांची भीती एवढीच होती.

रविवारी येऊ नकोस. त्याला नको आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे.

प्रकृतीला जप.
बाबा