दीक्षाच्या गुडघ्याची बातमी

सातारा, ता. ६ जानेवारी

ती. आक्काआत्यास,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आमचा संघ व्यावसायिक कबड्डी लीगच्या अंतिम सामन्यात पोचला! सामना पंचवीसला, इथेच साताऱ्यात. तोवर आमच्या प्रशिक्षक मॅडमनी सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, म्हणून हे पत्र. तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर मुली तुटून पडल्या. मला बरणी पुसायला मिळाली.

आता फक्त तुला सांगते. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलंय. बाहेरच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवलं. आता खेळलीस तर पुन्हा कधी धावता येणार नाही, म्हणाले. मॅडमना मी नुसती लचक सांगितलीय. आत्या, आईमागे तूच मला वाढवलंस. तू नको म्हणालीस तर मी खेळणार नाही. पप्पांना कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त लागेल.
तुझी दीक्षा

पलूस, ता. १३ जानेवारी

चि. दीक्षास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरी, माझ्या हातून घात झाला. तुझं पत्र म्हणजे अख्ख्या गल्लीचं. रविवारी वंदना झाली की तुझा भाऊ ते विहारात मोठ्याने वाचतो. याही वेळी मी पाकीट न फोडताच रोहनच्या हातात दिलं. तो शहाणा पप्पांना कळू देऊ नकोस इथवर वाचून मग थांबला. पप्पा पुढच्याच ओळीत बसलेले.

धोंडुबाई म्हणाली, लय दिवसांनी गल्लीचं नाव निघालंय, खेळू दे पोरीला. तानुबाई म्हणाली, आवं, पाय पोरीचा हाय, गल्लीचा न्हाई. तुझा बाप बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने येऊन एवढंच म्हणाला, तिचं तिला ठरवू दे.

मी नको म्हटलं तर तू जन्मभर मला दोष देशील. खेळ म्हटलं तर मीच मला देईन. चार कागद फाडले. मला सांगता येत नाही गं. आम्ही येतोय, दोन टेम्पो ठरलेत.

जिवाला जप, माया राहू दे.
तुझी आत्या

सातारा, ता. २९ जानेवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

दोन गुणांनी जिंकलो ते तू पाहिलंसच. मुलींनी करंडक माझ्या खाटेवर आणून ठेवलाय, नर्स कुरकुरते. ऑपरेशन झालं की चालेन, पण खेळ संपला, असं डॉक्टर म्हणाले. फार रडले.

एक विचारते. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मी तुमच्या बाकांकडे बघितलं. मॅडमना माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना होतं. एकाने जरी उठून हात केला असता, तर मी थांबले असते. मला स्वतःहून थांबता येत नव्हतं. तुम्ही टाळ्या वाजवत होता.

रागावले असले तरी तुझीच,
दीक्षा

पलूस, ता. २ फेब्रुवारी

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीनेच वाचलं. तू बघितलंस तेव्हा तुझा बाप माझ्याकडे बघत होता, मी रोहनकडे आणि रोहन खाली. कुणीतरी उठेल म्हणून सगळे बसून राहिलो. तेवढ्यात तूच उठलीस, आणि आमच्या टाळ्या सुटल्या.

सगळ्यांत जोरात मी वाजवल्या गं.

माया तोडू नकोस, एवढंच मागते.
तुझी आत्या